गोल नाही

मागच्या खेपेला आम्ही वहीत लिहिलं होतं : गोल असावा.
सहा रात्री. औशाच्या कॉलेजची गच्ची,
पाण्याच्या टाकीच्या आडोशाला आठ इंची दुर्बीण,
गफारभाई मणियारांनी भंगारातून जमवून, रिवाइंड करून दिलेली मोटर,
आणि आलेखावर एक रेघ, पोळपाटासारखी सपाट.
दैवशालानं तारीख टाकली, मी सही केली.
शेवचिवडा खाल्ला, खाली उतरलो.

तेव्हा तो वृषभेत होता.
सोळा महिन्यांनी कन्येत सापडला,
तोच ठिपका, नावाऐवजी नंबर असलेला,
आणि त्याचं काहीतरी बिनसलेलं.
अकराला उजळ. साडेबाराला मंद.
दोनच्या सुमाराला परत उजळ, पण आधीइतका नाही.
सव्वातीनला खाली.
पावणेपाचला, कोंबडं आरवायच्या बेतात,
पुन्हा पहिल्यासारखा.
शेजारचा तारा जागचा हलला नव्हता,
त्याच्याशी ताडून पाहिलं, दोनदा.

गफारभाई म्हणाले, "गोल आसता तर आसा कमीजास्त झाला आसता का?
हा लांबुडका हाय, मॅडम. आन् एका अंगानं चेपलेला."
मग मागच्या खेपेला?
"तवा शेंडा आपल्याकडं करून फिरत आसंल.
भवरा वरून बघा की. गोलच दिसतो."

माझे वडील आडत बाजाराच्या फाटकावर रात्रपाळीला होते.
हंगामात तुरीच्या, करडईच्या गाड्या यायच्या,
आखाखाली टांगलेला कंदील,
बैलाचा पाय आड आला की विझल्यासारखा,
सरला की पेटल्यासारखा.
कोसभर लांबून तेवढंच दिसायचं.
वडील रजिस्टर ओढून लिहायचे : भादा, इराप्पा.
"डावा बैल लंगडतोय त्याचा."
गाडी पोचायला अजून अर्धा तास असायचा.
एकदाच चुकले. गाडीतून उतरला भलताच माणूस.
बैल मात्र इराप्पाचाच होता, पोळ्यानंतर विकलेला.
वडिलांनी नाव खोडलं.
लंगडा हा शब्द तसाच ठेवला.

लॅबमधला कॉम्प्युटर तीन दिवस गणित करत राहिला,
मधे दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून.
शेवटी पडद्यावर उगवलं ते
कोऱ्या धडप्यात करकचून बांधलेलं गाठोडं.
टोकं कळतात. तवा आहे, तांब्या आहे, असं म्हणता येतं.
पण दोन टोकांच्या मधे खळगा असेल
तर त्याच्यावर कापड ताणून बसलेलं,
आणि प्रकाशाला कापडाखाली हात घालता येत नाही.
शिवाय उत्तरं दोन आली.
आस इकडे कललेला, किंवा तिकडे.
दोन्ही तितकीच खरी, म्हणजे
त्यातलं एक खोटं.

"आणि आत?" दैवशाला म्हणाली. "अखंड दगड, का ढीग?"
मी सांगितलं, सव्वादोन तासांच्या आत गिरकी घेत असता
तर ढीग केव्हाच उधळला असता.
हा पावणेसहा तास घेतो, बैठकीत पान लावावं तसा.
तेव्हा ढीग असू शकतो.
असेलच, असं नाही.

ती गप्प राहिली. तिचं गाव पत्र्यांचं, आखीव गल्ल्यांचं,
भूकंपानंतर वसवलेलं.
जुन्या गावाच्या जागी दगडांचे ढीग आहेत, वर वेड्या बाभळी.
ती जन्मली त्याच्या कितीतरी आधीचे.
आई तिला तिथं शेरडं हाकत नेते
आणि ढिगाच्या उतारावरून सांगते,
हे कासाराचं. हे आपलं, इथं जोतं उंच होतं.
हे कुणाचं ते मलाबी सांगता येईना.

वहीत तिनं लिहिलं : ढीग?
प्रश्नचिन्ह जरा मोठं काढलं.
मागच्या पानावरच्या "गोल असावा" वर
एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी.

पुढची खेप ऑगस्टात.
"ढग असतील," मी म्हणाले.
गफारभाई मोटरीला तेल देत होते.
"ताडपत्री माझ्याकडं हाय," ते म्हणाले,
"आन् औशाच्या ढगाचं काय खरं असतंय?"